पहिलं बी

पाण्यात बुडी मारायला घाबरणाऱ्यांसाठी बियाणे कंपनीने सहलीच्या बेटावर काचेच्या तळाची होडी ठेवली होती. तलमडुगू गावात बियाण्यांचं दुकान चालवणारे सुधाकरराव मुकाट्याने तिच्यात जाऊन बसले. कपाशीचं बियाणं सगळ्यांत जास्त खपवलं म्हणून कंपनीने त्यांना ही सहल दिली होती. स्वतःच्या वावरात मात्र त्यांनी दुसऱ्याच कंपनीचं बी लावलं होतं, आणि ते त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पायाखाली रंगीत मासे फिरत होते, तेवढ्यात शेजारच्या वावरवाल्या फकिराचा फोन आला.

"शेठ, आमचं बी उगवलंच नाई. बांधापलीकडं तुमचं तं मस्त उगवलं. तेच बी, तेच पानी. माय म्हन्ते, पयलं बी माह्या बायकोनं, प्रयागनं लावलं, तिचाच हात वाईट. तिले माहेरी धाडून देलं."

होडीवाला खाली बोट दाखवत म्हणाला, "साब, देखो, नीचे तक सब साफ दिखता है."

"आयकून राह्यले ना शेठ? तुमच्याच दुकानातून तेच बी पुन्हा आनलं. तुमच्या घरी पयलं बी वयनीनं लावलं होतं ना? उद्या आमच्या वावरात त्याईलेच पाठवा."