संयोगिताचे डोहाळे

कारखान्याच्या निवडणुकीत पडल्यापासून आमच्या हंबीररावांना मंडप घालायला निमित्त लागतच होतं. ते सुनेच्या पोटानं दिलं. डोहाळजेवण खरं तर सातव्यात व्हायचं, पण डीजेवाल्याची तारीख मिळेना. आठवा महिना वाईट. म्हणून गेलं नवव्यात. मंडपाच्या कमानीवरच्या फ्लेक्सवर हंबीरराव होते, त्यांचे कार्यकर्ते होते, एक घोडासुद्धा होता. सून तेवढी नव्हती.

सून म्हणजे संयोगिता. आदल्या आठवड्यात तिची तपासणी होती, पण त्याच दिवशी उसाच्या फडात फोटो काढायचं ठरलेलं. पोट काय, पुढच्या आठवड्यातही तपासता येतं. फोटोग्राफर थोडाच थांबतो!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढं काजवे. "असं झालं तर घरी थांबायचं नाही, थेट यायचं, जिवावर बेततं," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं तिला आठवत होतं. तिनं सासूला, बाळाबाईंना सांगितलं.

"तोंड सुजलंय म्हंजे पोरगाच हाय," बाळाबाई म्हणाल्या. "आन् डोकं दुखणारच की, दीष्ट लागलीया. मीठ-मिरच्या उतरून टाकते."

नवरा राजवर्धन मान वर करून ड्रोन बघत होता. "झोपाळ्यावरचं शूटिंग झालं की जाऊया, शपथ!" म्हणाला. बायकोकडं खाली बघायला त्याला सवड नव्हती. मला तर त्या ड्रोनला दगड मारावासा वाटला.

संयोगिताला फुलांच्या झोपाळ्यावर बसवलं. तिला समोरच्या बायका एकाच्या दोन दिसायला लागल्या. आज आपण मरणार, आणि तेही डीजेच्या दणक्यात, या विचारानं तिला घाम फुटला.

तेवढ्यात हंबीररावांनी माईक घेतला. "सूनबाई, माग! काय डोहाळं लागल्यात? सोनं म्हण, गाडी म्हण! हंबीररावाच्या घरात डोहाळं अपुरं ऱ्हात न्हाईत!"

टाळ्या पडल्या. संयोगितानं हात पुढं करून माईक मागितला.

"मामा, मला दवाखान्याचं डोहाळं लागल्यात. आत्ताच्या आत्ता."

डीजे बंद पडला. हंबीरराव हसले, मग हसायचे थांबले. मागं बसलेली एक म्हातारी ओरडली, "आरं, पुरवा की! डोहाळं मोडलं तर लेकराचा कान फुटतोय!"

सुनेच्या जिवासाठी जी गाडी निघत नव्हती, ती नातवाच्या कानासाठी निघाली.

दवाखान्यात रक्तदाब बघून डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "इतका वेळ काय करत होता?" तातडीनं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मायलेकी वाचल्या, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

संयोगिता घरी आली त्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स होता: 'वेळीच निर्णय घेऊन सुनेचे प्राण वाचवणारे, मातांचे कैवारी हंबीरराव यांचे हार्दिक अभिनंदन!' कार्यकर्ते होते. घोडाही होता.

राजवर्धननं ओशाळून गाडी थांबवली. "तुझा फोटो ऱ्हायला बघ. सांगतो लावायला."

"नगं," लेकीला पदराखाली घेत संयोगिता म्हणाली. "माझा फोटो लागणारच हुता की ह्या चौकात. हार घालून."