जिन्याची वेळ

कोचचा उजवा अंगठा चुकत नाही, यावर जलतरण तलावावर कुणाचंच दुमत नव्हतं. पोरीचं बोट भिंतीला टेकलं की स्टॉपवॉच थांबलंच. शिंक येवो, शिट्टी तोंडात असो, पालक कानाशी कोकलत असोत, अंगठा आपलं काम चोख करायचा. याच अंगठ्याच्या जोरावर ‘तिसरा मजला’ या बँडच्या चाहत्यांनी त्याला वेळ मोजायचा मान दिला होता. गेल्या एकोणीस वर्षांत त्याने त्रेसष्ट कार्यक्रम मोजले होते.

‘तिसरा मजला’ हे नाव रस्त्यावरच्या दहा माणसांना विचारलं तर नऊ जण पत्ता सांगतील आणि दहावा हात धरून बसवून घेईल. चार जणांचा बँड. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सराव सुरू केला, शेजाऱ्यांनी हाकललं, नाव तेवढं राहिलं. रेडिओने त्यांना कधी वाजवलं नाही. पण ज्यांना त्यांचा नाद लागला, त्यांचा तो सुटला नाही, आणि या नादिष्टांइतके कडक परीक्षक बँडच्या शत्रूंमध्येही सापडले नसते. त्यांचं प्रेम फुकट मिळायचं. दहापैकी आठ गुण मिळवताना मात्र बँडच्या तोंडाला फेस यायचा.

गुणांची वही कोचच्या आत्याकडे असे. आत्या म्हणजे वर्तमानपत्रातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, एका स्वल्पविरामासाठी संपादकाला अर्धा तास उभं ठेवलेली बाई. चाहत्यांचे नियमही तिनेच घालून दिलेले. रेकॉर्डिंग ऐकून कार्यक्रमाला गुण द्यायचे नाहीत. जो हजर, त्यालाच तोंड. कार्यक्रम संपल्यावर गुणांची चिठ्ठी डब्यात पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कारण शेजाऱ्याचं ऐकून माणूस आपलं मत बदलतो आणि वर ते आपलंच होतं म्हणून शपथ घेतो. आणि ‘जिना’ची वेळ दोघांनी वेगवेगळी मोजायची.

‘जिना’ हे बँडचं लांबलचक गाणं. सुरुवातीला एकटा ड्रमर. मग एकेका आवर्तनाला एकेक वाद्य त्याच्या मागे पायऱ्या चढत जातं. किती उंच चढायचं हे त्या दिवसावर. कधी चौदा मिनिटांत धापा टाकत खाली, कधी वीस. सगळ्यात उंच गेला तो बावीस वर्षांपूर्वी, एका रिकाम्या गोदामात: एकतीस मिनिटं बारा सेकंद. वहीत त्या एकाच कार्यक्रमाला दहापैकी दहा होते. पुढे कितीही चांगलं वाजलं तरी कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणायचंच, “छान झालं, पण गोदाम ते गोदाम.”

कोच गोदामाला नव्हता. त्या संध्याकाळी त्याचं लग्न होतं.

आता ड्रमरच्या उजव्या मनगटाने दगा दिला होता. बँडने जाहीर केलं होतं की आज दुपारी जुन्या बस आगाराच्या शेडमध्ये ‘जिना’ शेवटचा वाजेल, पुन्हा नाही. म्हणजे गोदामाचा आकडा आज मोडला तर मोडला. नाहीतर कोचला जन्मभर एका न ऐकलेल्या कार्यक्रमाच्या सावलीत बसायचं होतं.

आज बायको पहिल्यांदाच सोबत आली होती. “बावीस वर्षं जिच्यासोबत संसार केला, ती सवत दिसते तरी कशी ते बघते,” एवढंच तिने कारण दिलं.

दारात दातांचे डॉक्टर भेटले. वेळ मोजणारे दुसरे तेच. गोदामाला हजर असलेल्यांपैकी एक, आणि ते विसरू न देणाऱ्यांपैकीही एक.

“काय कोच, घड्याळाचा सेल बदलला ना?”

“बदललाय. आज गोदाम पडणार, डॉक्टर.”

“गोदाम?” डॉक्टर हसले. “मी होतो तिथे. ते असं पडत नसतं. वहिनी, तुम्ही कशा काय अडकलात?”

“हे कशात अडकलेत ते बघायला,” बायको म्हणाली.

सुरुवात काही खरी नव्हती. दुसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली, गायकाचा आवाज वरच्या पट्टीत चिरकला. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. कोचने मनात सहा गुण मांडले. पुढच्या चार गाण्यांनी सहाचे साडेसहा केले. मग दिवे उतरले आणि मनगटाला पांढरी पट्टी बांधलेला ड्रमर एकटाच उजेडात राहिला.

पहिला ठोका पडला. अंगठा दबला. घड्याळ सुरू.

दोन आवर्तनांतच कोचच्या लक्षात आलं की काहीतरी उलटं चाललंय. ड्रमर डाव्या हाताने पुढे जात होता, उजवा नुसता मागून साथ देत होता. इतकी वर्षं पाठ असलेलं गाणं जणू आरशात दिसत होतं. बेसवालीची पायरी आली. ती चढली नाही. नुसती त्याच्याकडे बघत थांबली. पुढच्या आवर्तनालाही थांबली. शेडमधली दीड हजार माणसं चिडीचूप. तिसऱ्याला ती आली ती अशी की पत्र्यांना कापरं भरलं. मागून गिटार चढली, पाच तारांवर. गायकाने तोंड उघडलं, आणि ऐन त्या क्षणी ड्रमरची उजवी काठी हातातून सुटून घरंगळत मंचाच्या कडेला गेली.

त्याने काठी उचलली नाही. रिकामा उजवा हात वर केला आणि पुढच्या ठोक्याला हवेतच खाली आणला.

आवाज आला. कुणीतरी पाय आपटला होता. शेडची जमीन जाड लोखंडी पत्र्यांची, पूर्वी त्यावर बसेस उभ्या राहायच्या. पुढच्या वेळी हात खाली आला तेव्हा शंभर पाय आपटले, त्यापुढच्या वेळी सगळेच. ड्रमरचा डावा हात ड्रमवर, आणि उजव्या हाताच्या जागी दीड हजार माणसं. तो हात उचलायचा, माणसं श्वास रोखायची, हात पडायचा, आगार हादरायचं. गायक गायचं सोडून हसत सुटला होता. बेसवाली डोळे पुसत वाजवत होती. एक पायरी, दुसरी, आणखी एक. आता संपेल असं वाटावं तर आणखी एक. कोचने शेजारी पाहिलं तर बायकोने चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि ती अनवाणी पाय आपटत होती, केस सुटलेले, तोंड लालबुंद. त्यानंतर कोचने कुठे पाहिलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साडेसहाला शेडची दारं उघडली. गर्दी आरडाओरडा करत पांगली. त्यातून वहीची अठरा-वीस माणसं तेवढी ओठ घट्ट मिटून निघाली. लांबून कुणाला वाटलं असतं, कुणीतरी गेलंय. जवळून पाहिलं असतं तर सगळ्यांचे डोळे चोरी पचलेल्या मांजरासारखे चमकत होते.

बायकोला नियम लागू नव्हता, निदान तिला तसं वाटत होतं.

“अहो, ती काठी! ती पडली तेव्हा माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. आणि त्या बाईने काय वाजवलं हो! माझ्या टाचा भगभगतायत. बोला ना काहीतरी!”

कोचने ओठांवर बोट ठेवलं.

“घरी तीन तीन तास डोकं खाता या लोकांवरून, आणि आज मी ऐकायला तयार आहे तर दातखीळ बसली?”

कोचने हात जोडले. हसू आवरायला म्हणून त्याने खिशात हात घातला. बोटांना घड्याळ लागलं. त्याने बाहेर काढून पाहिलं.

आकडे पळत होते. सेहेचाळीस मिनिटं, चोवीस सेकंद. पंचवीस. सव्वीस.

तो रस्त्यात जागीच थांबला. मागचा माणूस येऊन त्याच्यावर आदळला, पण नियमापायी तोही काही बोलला नाही.

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पुढे. चिठ्ठ्या नेहमी तिथेच, बाहेरच्या खोलीतल्या बाकांवर बसून लिहायच्या, आणि कवळ्यांच्या साच्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. भिंतीवरच्या चित्रातली दाढ मोठ्याने हसत होती. कोच पेन्सिल घेऊन बसला. गुणांचा प्रश्नच नव्हता. त्याने दहा लिहिले, आयुष्यात पहिल्यांदा. वरच्या ओळीत ‘जिना’ची वेळ लिहायची होती.

‘जिना’नंतरचं शेवटचं गाणं सहाएक मिनिटं, टाळ्या, दारातली गर्दी, चालणं. उलटं मोजलं तर पस्तीसच्या आसपास आकडा येत होता. अंगात तर चाळीस मिनिटांचा जिना भरला होता. चौतीस मिनिटं वीस सेकंद लिहिलं तर कुणाच्या बापाला शंका येणार नव्हती. त्याच्या अंगठ्यावर शंका घेणार कोण? गोदाम पडलं असतं. त्याने ३ लिहिलाही. मग पलीकडच्या बाकावर हाताआड चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं, ३ खोडला आणि लिहिलं: थांबवायला विसरलो.

बायकोनेही आत्याकडून एक कागद मागून घेतला. हजर होती, तिला तोंड होतं.

आत्याने चष्मा चढवून डबा उपडा केला. “दहा. दहा. नऊ... हे कुणाचं? असू दे. दहा. दहा.” खोलीत कुजबुज वाढू लागली. कोचची चिठ्ठी आली तशी आत्या थबकली, मग जशीच्या तशी वाचून दाखवली.

“कोच विसरला?” कुणीतरी ओरडलं. “अंगठा तापला होता का?”

“डॉक्टरांची वाचा! डॉक्टर कशाला विसरतायत!”

आत्याने वाचलं. “गुण दहा. वेळ, चोवीस मिनिटं पाच सेकंद.”

एकच गलका उडाला. “शक्यच नाही!” “घड्याळ बिघडलंय!” “चोवीस? चोवीस मिनिटं तर नुसता मी नाचत होतो!” डॉक्टरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. आकडा तोच, ढळढळीत. ते मान खाली घालून म्हणाले, “मलाही चाळीस वाटली. म्हणून दोनदा बघितलं.”

कोचने हातातली पेन्सिल खाली ठेवली. गोदाम पडलं नव्हतं. सात मिनिटांनी उभंच होतं, आणि आता कायमचं.

त्या गोंधळात आत्या हसायला लागली. आधी खुदकन, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“आत्या, काय झालं?”

“अरे, गोदामाला मीही विसरले होते.”

सगळी डोकी आत्याकडे वळली.

“लग्नातून पळून गेले होते ना मी. जेवणं सुरू झाली, डोकं दुखतंय म्हटलं आणि मागच्या दाराने रिक्षा पकडली. भरजरी साडी नेसून गोदामात नाचले. घरी येऊन पर्स उघडली तर घड्याळ चालूच. मग जेवढं वाटलं तेवढं लिहिलं. तेव्हा मोजणारी मी एकटीच.”

“पण एकतीस मिनिटं बारा सेकंद?” डॉक्टरांचा आवाज चिरकला. “ते बारा सेकंद?”

“नुसतं एकतीस लिहिलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?” आत्याने चष्मा पुसला. “दोघांनी मोजायचा नियम मी पुढे का केला, वाटतं तुम्हाला? माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता म्हणून.”

“आत्या,” बायको शांतपणे म्हणाली, “मी बावीस वर्षं समजत होते की आमच्याकडच्या माणसांनी तुमच्या मानपानात काही कमी केलं, म्हणून तुम्ही उठून गेलात.”

“नाही गं बाई. तुझं लग्न छान होतं. पण त्यांचा बेस त्याहून छान होता.”

आता हसण्याचा जो स्फोट झाला त्यात भिंतीवरची दाढही सामील झाली असावी. फक्त डॉक्टर आपल्या घड्याळाकडे बघत होते. आत्याने वही उघडली, गोदामाचं पान काढलं आणि लाल पेन हातात घेतलं. कोचकडे बघून म्हणाली, “खोडते. बोल, तुझ्या जिवाला लागलेला काटा आहे हा. काय लिहू?”

कोचने कितीतरी वेळा या पानावर काट मारायचं स्वप्न पाहिलं होतं. आज पान समोर होतं आणि त्याच्या मनात राग शोधूनही सापडेना. गोदामात काय झालं असेल ते त्याला आता कळलं होतं. तेच त्याच्या खिशात अजून पळत होतं.

“लिही, घड्याळ चालू राहिलं,” तो म्हणाला. “दहा गुण तसेच ठेव. आणि आजच्या पानावरही तेच लिही. डॉक्टरांचे चोवीस-पाच खाली बारीक अक्षरात.”

“बारीक अक्षरात का?” डॉक्टर एकदम उसळले. मग खांदे पाडून म्हणाले, “बरोबर आहे. सगळे वाहून गेले आणि माझा अंगठा तेवढा शुद्धीवर. दात काढून काढून हात मेलाय माझा.”

“डॉक्टर, दहा गुण दिलेत तुम्ही,” कोच म्हणाला. “त्रेसष्ट कार्यक्रमांत साडेसातच्या वर गेला नाहीत. हात मेलेला असता तर दिले असतेत का?”

डॉक्टरांनी घड्याळ उचललं, क्षणभर आकड्याकडे पाहिलं आणि तो पुसून टाकला. मग तेही हसले.

आत्याने दोन्ही पानांवर वळणदार अक्षरात तीच ओळ लिहिली. डब्यात तळाशी एक चिठ्ठी उरली होती. बायकोची. आत्याने ती मोठ्याने वाचली. “गुण नऊ. एक गुण कापला, कारण नवरा सगळा वेळ तोंड उघडं टाकून उभा होता आणि मला हात धरायला कुणी नव्हतं.”

कोच लाजून लाल झाला. घराकडे निघताना त्याने तिचा हात धरला. अजून उजेड होता.

“काय हो,” बायको म्हणाली, “त्या दिवशी गोदामाला न जाता मांडवात उभे राहिलात. त्या कार्यक्रमाला किती गुण?”

कोचने तोंड उघडलं.

“थांबा,” तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. “आधी चिठ्ठी लिहा. मग बोला.”