शिट्टी घालणारा पाळणा

माझा भाचा शंभूराज अखेर मी केलेल्या पाळण्यात गाढ झोपला. असं काही झालेलं नाही. कुणी विचारलं तर पोरगं अजून जागं आहे आणि मामाची वाट बघतंय, एवढंच सांगायचं. त्या समजुतीनं पुढचं वाचावं.

आमच्याकडं बारशाचा पाळणा माहेरून जातो. योगिनीताईचं माहेर सणसर, आणि तिचा एकुलता भाऊ म्हणजे मी, सुयोग. बारामतीच्या एमआयडीसीत पंख्याच्या मोटारींचे कंट्रोलर बनवतात, तिथं मी कामाला. साधा लाकडी पाळणा पाठवणं म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे नेण्यासारखं झालं असतं. म्हणून मोटारीचा करायचा ठरवला. बटन दाबलं की आपला आपण हलणारा.

खरं कारण वेगळंच होतं. ताईच्या सासरी, कळसला, तिचा धाकटा दीर दिग्विजय घरातच राहतो. म्हणजे पोराला काका रोज आणि मामा रविवारी. त्यात काकाच्या गालाला खळी, आणि तोही मोटारींतलाच. इंदापूरला पंपांचे पॅनेल दुरुस्त करतो. पोरगं त्याच्याकडं बघून हसतं, असं ताई फोनवर सांगायची. सांगताना तिला वाटायचं, मला आनंद होतोय. तेव्हा ठरवलं, आपण बारामतीत असलो तरी पोरानं झोपायचं आपल्याच वस्तूत. डोळा लागताना शेवटचं जे कळेल ते मामाचं असावं.

अडचण टेस्टिंगची होती. रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, असं आई म्हणते. कंपनीच्या शॉपमध्ये बाळ नव्हतं. पण बारशाला पोराच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतातच, मग म्हटलं, तोच नेऊ. वरवंट्याला कुंची घातली, मोटारसायकलवर पुढं बसवला आणि बारामतीला आणला. निजवला, बटन दाबलं. पाळणा हलला, वरवंटा झोपला. आठवडाभर त्यानं एकदाही तक्रार केली नाही. मी पाळणा पास केला. शेजारी पत्रा कापायचं मशीन दिवसभर किंचाळत असतं आणि वरवंट्याला कान नसतात, या दोन गोष्टी मला कुणीतरी सांगायला हव्या होत्या.

बारशाला कळसला बायका पाळणा म्हणायला जमल्या. वरवंटा झाला, पोराला निजवलं, मी बटन दाबलं, आणि सगळ्यांच्या आधी पाळण्यानंच सूर धरला. बारीक, नाकातली शिट्टी. तीही सरळ नाही. थरथरती, मधेच अडखळणारी. बायकांनी तिच्या सुरात सूर मिळवून बघितला, पण ती एका जागी थांबेना. शंभूराज तेवढा डोळे मोठे करून ऐकत होता. ताईच्या सासूबाई, गोजरबाई, कडवं अर्ध्यात सोडून माझ्याकडं वळल्या.

"पाव्हनं, ह्याला आदी म्हनून घिऊ द्या. मग आमी म्हनतो."

दिग्विजय पाळण्याखाली वाकला. दुसऱ्याच्या वस्तूखाली वाकणारी माणसं मला आवडत नाहीत. मग त्यानं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मोटार चालवणारी चिप मोटारीला वीज सलग देत नाही. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत देते. हा वेग कानाच्या टप्प्यात असला तर मोटारीतली तार त्याच सुरात गाते. टप्प्याच्या वर नेला की गप्प बसते, पण चिप तापते. आणि हे ठोके सारख्या अंतरानं पडले नाहीत, एक लवकर, एक उशिरा असे पडले, की शिट्टी थरथरते. मला हे सगळं माहीत होतं. चिप तापू नये म्हणून वेग मीच कमी ठेवला होता. पण माहीत असलेली गोष्ट दिग्विजयच्या तोंडून ऐकली की ती मला खोटी वाटायला लागते.

"चिपची नाडी चुकतीया, सुयोगराव," तो म्हणाला. "ग्राउंडची, म्हंजी वीज परतायची वायर पार गावाला फिरवून आणलीय तुमी, म्हणून. वैनी, च्या ठेवा, तवर करतो."

आणि चहाला उकळी यायच्या आत त्यानं केलं. वायर आखूड केली, चालू-बंदचा वेग चढवला, चिपच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी लावली. पाळणा हलायला लागला आणि काही म्हणजे काही ऐकू येईना. बायका म्हणाल्या, गुणाचा आहे गं. पाळणा नव्हे, दिग्विजय. मी भिंतीकडं बघत बसलो. भिंतीला खळी नव्हती, त्यामुळं आमचं जमलं.

तेवढ्यात पोरगं रडायला लागलं. पाळणा हलतोय, बायका गातायत, काका खुळखुळा वाजवतोय, आणि हे टाहो फोडतंय. दूध पाजून झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी गोजरबाईच म्हणाल्या की मघाशी शिट्टी होती तेव्हा पोर गप होतं.

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. वेग खाली आणला, शिट्टी आली, पण सरळ आली. पोराला ती पटेना. मग आखूड केलेली वायर परत लांब केली आणि मोटारीला वळसा घालून आणली. एवढ्या काळजीनं दोष बसवणारा मेकॅनिक तालुक्यात दुसरा नसेल. शिट्टी थरथरली आणि शंभूराज गप्प झाला. ताई माझ्याकडं बघून हसली. दिग्विजयनं हात जोडून कबूल केलं की असली चूक त्याला सात जन्मांत जमली नसती. टोमणाच होता, पण मी तो मानपत्रासारखा घेतला.

पोराचा एक डोळा मिटला. दुसरा मिटायला आला आणि कळसची वीज गेली.

पाळणा थांबला. शिट्टी थांबली. मिटलेला डोळाही उघडला आणि खालचा ओठ पुढं आला. बॅटरी मी ठेवली नव्हती. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा राहिलो, जशी काही त्यातूनच वीज निघणार होती.

दिग्विजयनं मोटारीचा दांडा सोडवला, हातानं पाळणा हलवायला घेतला आणि ओठांचा चंबू केला. आणि शिट्टी घातली. माझी. तीच बारीक, नाकातली, त्याच जागी अडखळणारी. एक ठोका लवकर, एक ठोका उशिरा. दुपारभर ऐकून त्यानं ती चुकांसकट पाठ केली होती. शंभूराजनं त्याच्या ओठांकडं बघितलं, एकदा हसला आणि झोपला.

गोजरबाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घिऊ नगा, पाव्हनं. आवाज तुमचाच हाय की."

सबब, वीज उपकेंद्राच्या माननीय अधिकारी साहेबांस सविनय विनंती अर्ज करतो की, मौजे कळस येथील अर्जदाराच्या भाच्याचा दुसरा डोळा पूर्ण मिटेपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये. अपरिहार्य कारणास्तव खंडित करावा लागल्यास सदर घरातील काकांच्या शिट्टीचा पुरवठाही त्याच क्षणी खंडित करण्यात यावा, आणि पूर्ववत करताना तो प्रथम मामाच्या बाजूने सुरू करावा. पाहणीसाठी अर्जदार दर रविवारी समक्ष हजर राहील.