शेवटचा ई गाळा

पक्षाघातानंतर यांच्या तोंडून एकच गोष्ट धड बाहेर येते, इंग्रजी स्पेलिंगचे नियम. पुढच्या खोलीत जन्मभर शिकवणी घेतली ना, त्यातलेच. भूक लागली का विचारलं की म्हणतात, "शेवटचा ई गाळा, मग आयएनजी लावा." माझं इंग्रजीही त्याच भिंतीपलीकडून आलेलं, कांदा चिरता चिरता.

"बोलतोय की दादा, वहिनी," नणंद म्हणाली.

"बोलतात ना. काल विचारलं कुठे दुखतंय, तर म्हणाले, वायचा आय करा."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मात्र आज स्पष्टच सांगितलं. "काकू, पाठांतर म्हणजे बोलणं नव्हे. आज एक तरी शब्द त्यांचा स्वतःचा आला नाही, तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. बाहेर रांग आहे."

त्यांनी चित्रं दाखवली. कप, खुर्ची, कुत्रा. कुत्र्याकडे बघून हे म्हणाले, "स्टॉपचा पी दोनदा."

बाई चित्रं आवरू लागल्या. घरी नेऊन मी एकटी काय करणार होते? मग सुचलं, या माणसाला चूक सोसत नाही. पाटीवर चुकीचं स्पेलिंग दिसलं की दुकानात शिरून मालकाला शिकवायचे, आणि मी बाहेर पिशवी धरून उभी.

"अहो, रनिंगमध्ये एन एकच असतो," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"होपिंगमध्येही ई तसाच राहतो. पोरांना तुम्ही उगाच चुकीचं शिकवलंत."

मान लाल झाली. धड असलेला हात टेबलावर आपटला, ओठ वाकडे झाले, लाळ गळली. मीच यांना दुसरा झटका आणतेय की काय? पण बाईंचा हात चित्रांच्या खोक्यावर होता.

"जन्मभर चुकीचं," मी म्हणाले.

"नाही."

नियम नव्हता तो. बाईंनी खोकं खाली ठेवलं. "पुढच्या आठवड्यात या. आता थांबू नका काकू, विचारत राहा."

"पाणी हवंय?"

"नाही."

"दुखतंय कुठे?"

"नाही."

"घरी जायचं?"

"नाही."

"तुम्हाला ओळखतात का, ते विचारा," बाई म्हणाल्या.

मी रुमालाने यांची हनुवटी पुसली. "ते नको आज," म्हटलं, आणि पुन्हा पाण्याचंच विचारलं.