हळद लागलेली कार्पेट पायथन

साहेब, तुम्ही माझा साप पळवलात. वन्यजीव खात्याच्या कायद्याने नेला म्हणता, म्हणा. ऑस्ट्रेलियातल्या या वॉलॉंगॉंगमध्ये सापांतलं कळणारे आपण एकटेच, असं तुम्हीच सांगत फिरता, म्हणून तुमच्याशीच बोलतो.

माझी मैना क्वीन्सलंडची कार्पेट पायथन, अजगराची जात. रीतसर परवाना काढून पाळलेली. अंगावर तपकिरी आणि फिकट पट्टे. तिची चुलत बहीण डायमंड पायथन, ती आपल्या इथल्या डोंगरात राहते. काळपट अंग, त्यावर पिवळे ठिपके. बांधा सारखाच. ठिपके की पट्टे, एवढंच बघायचं असतं. डायमंड रानातून धरणं गुन्हा, हे मलाही ठाऊक आहे.

चौऱ्याऐंशीच्या नागपंचमीला माझ्या बायकोने, श्यामलाने, मराठी बायका बोलावल्या. इतकी वर्षं बिचाऱ्या पाटावर काढलेला नाग पुजत होत्या, आता जिवंत मिळाला. ऑगस्टची थंडी, मैना तिच्या काचेच्या पेटीत दोरखंडासारखी पडून.

“भावोजी, चावेल का हो?” सुहासिनीवहिनींनी विचारलं.

“तुम्ही नाही चावलात तर तीही नाही चावणार.”

दुधाकडे मैनेने ढुंकून पाहिलं नाही. कुंकू मी पेटीलाच लावायला सांगितलं. हळद म्हटलं औषधी, लावा. एकीने एक ठिपका लावला, म्हणून दुसरीने चार. तेलात कालवलेली हळद, शेपटीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तपासणीला आलात. “डायमंड. डोंगरातून धरलीस.”

“साहेब, हळद आहे ती.”

तुम्ही कोरडं बोट घासलंत. निघाली नाही. कशी निघेल? श्यामलाच्या ओट्यावरची अजून निघालेली नाही.

“मेट, साप आहे हा, करी नाही,” म्हणालात आणि मैनेला पिशवीत घालून चालते झालात.

पोर्ट केंब्लाच्या कारखान्यात माझ्याबरोबर वसईचा मिंगेल आहे. तो म्हणाला, “गप रे तू. कात टाकू दे. हळद जाईल, साहेबाची ऐट पण जाईल.”

मैनेने कात टाकली. हळद गेली, पट्टे दिसले. मी खुशीत तुमच्याकडे आलो, तर तुम्ही म्हणता, “ही कार्पेट आहे. तुझी डायमंड होती. म्हणजे ही तुझी नाही.”

“मग माझी कुठे आहे?”

“चौकशी चालू आहे. तूच पळवली असशील.”

काचेमागून मैना माझ्याकडे बघत होती. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे बघतच राहिली.

साहेब, तुमची ऐट राहावी म्हणून तिने परक्या पेटीत का राहायचं? ही माझी नाही तर मग कोणाची, आणि माझी मैना मला कधी देताय? चौकशी वगैरे नको. सरळ उत्तर द्या.