घासाला एक टिंग

बाळंतपणाची रजा संपवून नमिता महाप्याच्या ऑफिसात परतली, तोवर गळ्यातलं कार्ड जाऊन दाराची किल्ली फोनमध्ये आली होती. दाराशेजारच्या यंत्राला फोन टेकवायचा, टिंग वाजतं, काचेचं दार सरकतं. आत जाताना तसंच, बाहेर येतानाही तसंच. बाकीच्यांना कौतुक; नमिताला धाकधूक. बॅटरी उतरली तर? फोन हातातून पडला तर?

पण खरी काळजी बोनकोड्याच्या घरी, सासूबाईंच्या, भागीरथीबाईंच्या, मांडीवर ओठ घट्ट मिटून बसलेली. आठ महिन्यांची नंदिनी आईवाचून घास घेत नव्हती. आजही तिने खाल्लं नाही तर नोकरी सोडायची, असं नमिताने काल नवऱ्याला, कल्पेशला, सांगून टाकलं होतं.

दुपारी व्हिडिओ कॉल आला तशी ती दाराबाहेर पळाली. पडद्यावर नाचणीची पेज लेकीच्या हनुवटीवरून ओघळत होती. भागीरथीबाईंचा काऊचा घास करून झाला, चिऊचा झाला, बोंबलाचाही झाला. तोंड काही उघडेना. नमिताला रडू फुटायला आलं. बाथरूममध्ये जाऊन काय ते रडावं, म्हणून कॉल चालू ठेवूनच तिने फोन यंत्राला टेकवला.

टिंग.

नंदिनी खुदकन हसली. तोंड उघडलं, चमचा आत.

"परत वाजव गो," भागीरथीबाई म्हणाल्या. "हसते हाय ती."

नमिता आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत. टिंग, घास. टिंग, घास. वॉचमनने आधी मान वळवली, मग खुर्चीच वळवून घेतली. अर्धी वाटी झाली, ती बाहेर आली, आत जायला फोन टेकवला आणि यंत्राने लाल दिवा दाखवला. एकाच बाईचं इतकं जाणं-येणं त्याला संशयास्पद वाटलं असावं. कॉल चालू, पण दार उघडेना. तिकडे नंदिनीचे ओठ मिटले.

नेमक्या तेव्हाच मॅनेजर संध्या मॅडम जेवून आल्या. आता नोकरी सोडायला नको, या काढूनच टाकतील, असं मनाशी म्हणत नमिताने सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पडद्यात डोकावून पाहिलं, डबा वॉचमनच्या हाती दिला आणि स्वतःचा फोन टेकवला.

टिंग. घास गेला.

मागून येणाऱ्यांनी काय चाललंय ते विचारलं आणि मुकाट रांग धरली. अकाउंट्सचे मितेश सर, जे वाढदिवसाच्या केकलाही उठत नाहीत, ते दोनदा जाऊन आले. दर टिंगला नंदिनी पाय झाडून हसायची, की इकडे सगळी रांग खिदळायची.

तिकडे वाटी खरवडल्याचा आवाज आला.

"झाली," भागीरथीबाई म्हणाल्या. "आता फोन ठेव. पोरीला झोप लागली हाय, तुमच्या गोंधळानं उठंल." आणि त्यांनी ठेवलाच.

काळ्या पडद्याकडे बघताना नमिताला हसू आवरेना. जरासा रागही आला. इतक्यात झोपलीसुद्धा? आईवाचून?

संध्या मॅडम उघड्या दारात तिच्यासाठी थांबल्या होत्या.

"चला आत," त्या म्हणाल्या, "माझ्याही फोनला लाल दिवा लागायच्या आधी."