अडवलेली चौदा पत्रं

"सतरा. अठरावा नाही." साहेबांनी यादी पुढे सरकवली. "कंपनीबाहेर मेल पाठवायचा तो फक्त या सतरा जणांनी. बाकीच्यांनी आतल्या आत काय ते लिहावं."

"बाकीच्यांनी बाहेर पाठवला तर? 'गेला नाही' असा निरोप जाईल त्यांना."

"तो निरोपही बंद करा. मेल परत आले की दोनशे माणसं माझ्या दारात उभी राहतील. गुपचूप अडवा आणि रोज पाचला पुसून टाका. परिपत्रक फिरलंय, सगळ्यांच्या सह्या आहेत. आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही."

कुणीतरी कंपनीचे दर बाहेर कळवले होते आणि मोठं कंत्राट हातचं गेलं होतं. चोर काही सापडेना, म्हणून सगळ्यांचीच तोंडं बांधायचं ठरलं. परिपत्रकावर सह्या होत्या हे खरं, पण या कंपनीत परिपत्रक वाचून सही करण्याची पद्धत नव्हती. वरच्या नावाखाली आपलं नाव टाकायचं आणि कागद पुढे ढकलायचा.

मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला कचेरीत सगळे पोस्टमास्तर म्हणत. त्याला कुणाचंही पत्र उघडता आलं असतं, पण बावीस वर्षांत त्याने एकही उघडलं नव्हतं. सामान्य माणसाला असा एखादाच अभिमान परवडतो. अडवलेल्या मेलच्या यादीत पाठवणारा, पत्ता आणि विषय एवढंच दिसे. तेवढंच बघून तो पुसणार होता.

पहिल्याच दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी यादीत नानांचं नाव आलं.

नाना म्हणजे गोदामाचे स्टोअरकीपर. त्यांच्या एकुलत्या एक लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा ते लग्नाला गेले नाहीत, वर "तू मला मेलीस" म्हणून मोकळे झाले. लेक दूर गेली आणि तिने फोन नंबर बदलला. पुढे बायको वारली आणि नानांचा ताठा उतरला. कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांनी लेकीच्या मेलचा पत्ता मिळवला. नानांकडे साधा फोन. मेल कसा लिहायचा हे पोस्टमास्तरनेच त्यांना गोदामातल्या संगणकावर शिकवलं होतं. तेव्हापासून सहा वर्षं कामाच्या प्रत्येक दिवशी जेवणाच्या सुट्टीत नाना एका बोटाने लेकीला लिहीत. लेकीचं एकदाही उत्तर आलं नव्हतं.

'तसंही ती कुठे उत्तर देतेय?' पोस्टमास्तरने मनाची समजूत घातली आणि पाच वाजता नानांचं पत्र पुसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पुसलं. पाप एकदा अंगवळणी पडलं की ते रोजचं काम होऊन जातं. दोन आठवड्यांत दहा पत्रं गेली.

मग तिसऱ्या सोमवारी नाना धापा टाकत त्याच्या खोलीत आले. हातात छापलेला कागद होता.

"वाच! अरे, मोठ्यानं वाच!"

"बाबा, दोन आठवडे तुमचं काही आलं नाही. बरे आहात ना?" पोस्टमास्तरने वाचलं.

"सहा वर्षं वाचत होती रे पोरगी! एकूण एक वाचत होती!" नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण दोन आठवडे आलं नाही म्हणते. तुझं यंत्र बिघडलं होतं का?"

खरं बोलायची हीच वेळ होती. "थोडी गडबड होती," पोस्टमास्तर म्हणाला.

"असू दे, असू दे. त्या गडबडीनंच पोरीचं तोंड उघडलं. आत्ता लिहितो बघ."

ते गेल्यावर पोस्टमास्तर साहेबांकडे गेला. अठरावं नाव घाला म्हणाला. कारणही सांगितलं.

"आज नाना, उद्या काका, परवा मामा," साहेब म्हणाले. "सोयरीक जुळवायला ठेवलंय का तुम्हाला? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत ना? नीट काढा."

पोस्टमास्तरला स्वतःच्या फोनवरून नानांच्या लेकीला दोन ओळी कळवता आल्या असत्या. पण मग आधीचं सगळं नानांपुढे कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्याच्याकडे नव्हती. त्या दिवशीच्या पत्राचा विषय होता 'मी बरा आहे'. मंगळवारी 'मिळालं का?'. बुधवारी 'घरी ये'. गुरुवारी 'माझं चुकलं'. हे शेवटचं त्याने पाचऐवजी पाच वाजून दहा मिनिटांनी पुसलं. त्याचं धाडस तेवढंच.

शुक्रवारी सकाळी नाना आले ते हळूहळू चालत. कागद त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. "बाबा, मी विचारलं आणि तुम्ही गप्प झालात. म्हणजे इतकी वर्षं मी बोलावं एवढ्याचसाठी लिहीत होतात. बोलले. आता जिंकलात. हा पत्ता आज बंद करतेय." त्यांनी वर पाहिलं. "मी चारदा लिहिलं रे. गेलं कुठं?"

पोस्टमास्तरने सगळं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःची किळस आली.

"माझ्या फोनवरून लिहितो, नाना. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"लिही. बाबा बरे आहेत म्हणावं. पत्रं अडकली होती म्हणावं."

त्याने लिहून पाठवलं. मिनिटभरात ते परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

पोस्टमास्तरने फोन नानांपुढे धरला.

"अडवलेली किती होती?" नानांनी विचारलं.

"चौदा."

"वाचलीस?"

"नाही, नाना. आईशप्पथ, एकही उघडलं नाही. पाठवणारा आणि विषय, बास."

नानांनी कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"वाचायची होतीस रे," ते म्हणाले. "कुणी तरी वाचली असती."

दारात त्यांनी क्षणभर चौकटीला हात टेकला. मग गोदाम उघडं टाकून आलोय, एवढं सांगून ते गेले.